हिंगोलीचं पाणी, दिवाडी बेट आणि घासणारं बूड

घर चाकांवर चढवून बेटावर नेण्याचा खर्च किती, असं गेल्या महिन्याभरात मला बऱ्याच जणांनी विचारलं. आकडे सांगते, पण ओघात. कारण जो खर्च आम्हाला सगळ्यात जड गेला, तो कुठल्याही पावतीवर आलेला नाही.

सेनगाव तालुक्यातल्या शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात, हे फळ्यावर लिहिलं, पोरांकडून पाठ करून घेतलं, ज्यांना येईना त्यांना उभं केलं. बेटावर पाय मात्र कधी ठेवला नव्हता. आमच्याकडे पाण्याने वेढलेलं म्हणजे पोळ्याच्या आधी एखाद्या जोरदार सरीत ओढ्यापलीकडे अडकलेलं शेत, एवढंच.

आमचे यजमान दिगंबरराव. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी गोरेगावची जमीन पुतण्याला बटईने दिली आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बैलांना नावं ठेवायला लागले. दाराशी जुना पिकअप उभा होता. एक दिवस उठले आणि गावातल्या वेल्डरकडून, जो एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो, त्यावर घर बांधून घेतलं. आत दोघांना झोपायला फळी, गॅस, पंखा आणि मागच्या टोकाला पाचशे लिटरची काळी टाकी. (तुम्ही असं काही करणार असाल तर आधी आरटीओत बदलाची नोंद करून घ्या. रस्त्यावर गयावया करायची वेळ आणू नका.)

पुण्याची मुलगी म्हणाली, "आई, हा वेडेपणा आहे, विकून टाका." कळमनुरीचा एक व्यापारी भुसारमालासाठी गाडी घ्यायला तयारही होता. मी यजमानांना सरळ सांगितलं, "गाडी मला बेटावर नेऊन परत आणा. जमलं तर राहील. अर्ध्यातून फिरलात तर दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला फोन."

"बराबर हाय," ते म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

निघायच्या दिवशी शेजारच्या तांड्यावरचे रामधनभाऊ राठोड बघायला आले. यजमान विहिरीच्या मोटरीला पाइप लावून टाकी काठोकाठ भरत होते.

"व्हय दिगंबरराव, एवढं पाणी घेऊन कुठं चालले? लढाईवर?"

"गोव्याला."

"आमचे आजे-पणजे बैलांवर घर घालून तिकडं जायचे, मीठ घेऊन यायचे. तुमी इकडून पाणी नेऊन राहिले." भाऊ हसले. "येताना मीठ आणा म्हंजे हिशोब बसला."

मीही म्हणाले, "अहो, बेटावर चालला आहात. चारही बाजूंनी पाणीच आहे."

"खारं असतंय ते," यजमान म्हणाले. भूगोल त्यांचाही कच्चा नव्हता.

पहिला दिवस हिंगोली, कळमनुरी, नांदेड, लातूर करत तुळजापूर. नांदेडपर्यंतचा रस्ता चांगला, पुढे तुकड्या-तुकड्यांत खोदलेला. गाडी उंच आहे, वळणावर डुलते, तेव्हा साठच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, हा माझा नियम. तो पाळला गेला, कारण मी शेजारी बसले होते. रात्री पेट्रोल पंपाच्या मोकळ्या जागेत मुक्काम. परवानगी मागितली, डिझेल तिथंच भरलं, कुणी पैसे मागितले नाहीत. दुसऱ्या दिवशी सोलापूर, विजापूर, बेळगाव. जेवण घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि धाब्यावरची तिखट डाळ.

पाण्याचं मात्र नवल. भांडी पंपावरच्या नळावर घासली, आंघोळ धाब्यावर, प्यायला वाटेत कळशी भरून घेतली. टाकीतला थेंब यजमानांनी काढू दिला नाही. "ते बेटावर लागंल." असे आम्ही विहिरीचं पाणी जसंच्या तसं दोन राज्यं ओलांडून नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चोर्ला घाट उतरलो. झाडी दाट, वळणं अरुंद. पहाटे निघा, नंतर ट्रकांच्या मागे सरपटावं लागतं. पुढे साखळीवरून जुनं गोवं. काजूच्या बोंडांचा आंबूस वास खिडकीतून आत येत होता. दुपारी मांडवीच्या धक्क्यावर पोचलो. समोर दिवाडी बेट दिसत होतं. हिरवी टेकडी, वर पांढरं चर्च, मध्ये फक्त नदी. फेरीबोट येत होती, रिकामी होत होती, भरत होती. मी पर्स सावरून, चष्मा पुसून तयार.

बोटीवर गाड्या लावून घेणाऱ्या माणसाने आमच्या गाडीला एक फेरी मारली, वाकून मागचं बूड पाहिलं आणि हात आडवा केला.

"न्हय, बाय. ओहोटी आहे. उतार खूप पडलाय. मागचं घासणार आणि तिथंच अडकणार. मग सगळी फेरी बंद. मागे काय भरलंय?"

"पाणी," यजमान म्हणाले.

त्याने आधी आमच्याकडे पाहिलं, मग नदीकडे. "इतलें उदक कित्याक?"

एवढं पाणी कशाला, हे सांगत बसण्याऐवजी मी विचारलं, "भरतीला घ्याल?"

"इतक्या वजनानं तेव्हाही नाही. पाणी सोडून द्या, बूड वर येईल, लगेच घेतो." आणि तो पुढच्या स्कूटरकडे वळला.

नळ गाडीच्या मागे, खाली डांबर. यजमान नळापाशी उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

"सोडा की," मी म्हणाले.

"रस्त्यावर?"

"मग काय करणार?"

"आपल्या हिरीचं हाय ते. एप्रिल महिन्यात. रस्त्यावर न्हाई सोडणार मी."

"अहो, मग गाडी चढणार नाही."

"मग फिरू माघारी." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "लाव त्या व्यापाऱ्याला फोन."

रागारागाने मी स्वतःच नळाला हात घातला. चावी अर्धी फिरली, बोटभर धार डांबरावर पडली, वाफ झाली. मी चावी परत आवळली. ज्या गावात लग्नात जेवणाआधी पाहुण्यांसाठी टँकरची सोय बघतात, तिथली मी. शिस्त, नियम, व्याख्या सगळं एकीकडे; मला ते जमलं नाही. दोघं गाडीच्या दोन बाजूंना तोंड फिरवून उभे. समोरून बोट आमच्यावाचून निघून गेली.

धक्क्यावर चहा-ऑम्लेटचा गाडा होता. मालकीण सेलीनबाय, साठीची, जाड चष्मा, माझ्याहून कडक आवाज. इतका वेळ ती ऐकत होती. उलथनं हातात घेऊनच आली.

"खबरदार सोडलं तर! गोडं आहे ना? माझ्या नळाला आज करंगळीएवढी धार होती. थांबा!"

तिने दोन पिंपं गडगडत आणली. मग पलीकडच्या घरातून बादल्या आल्या, फुलवाल्या बाईची कळशी आली, कुणाचं तरी मासळीचं टोपलं आलं, ते मी परत पाठवलं. यजमानांनी पाइप जोडला आणि त्यांच्या आवाजात अचानक पंचवीस वर्षांपूर्वी गावात पाटाच्या पाण्याच्या पाळ्या वाटून देणारा माणूस बोलायला लागला.

"रांगेत या! ओ ताई, भांडं नीट धरा, सांडून राहिलं! भरलं की सरका, दुसऱ्यालाबी लेकरंबाळं हायेत!"

स्कूटरवरचा एक तरुण थांबून मोठ्याने म्हणाला, "बघा रे, घांटी गोंयात उदक विकायला आले!"

घांटी म्हणजे घाटावरचे, म्हणजे आम्हीच. मी तोंड उघडणार, तोच सेलीनबाय कडाडली, "तुज्या घरा नळाक उदक आसा? ना मू? मागीर ओगी राव!"

घरच्या नळाला पाणी नसेल तर गप्प राहा, एवढं मलाही कळलं. थोड्या वेळाने तोच तरुण कॅन घेऊन रांगेत उभा राहिला. यजमानांनी त्याचा कॅन काठोकाठ भरला आणि म्हणाले, "विकत न्हाई बाबा. घरचं हाय. पिऊन सांग कसं लागतंय."

तळातलं दोन कळश्या पाणी त्यांनी मागे ठेवलं. गाडीचं बूड चांगलं वीतभर वर आलं होतं. बोटीवरच्या माणसाने वाकून पाहिलं, अंगठा वर केला. सेलीनबायने ऑम्लेटवर रस्सा घातलेली बशी आणि पाव हातात कोंबले. पैसे काढले तर म्हणाली, "आधी बोट पकडा. पैशाचं येताना बघू."

तिकीट किती लागलं? दर बदलत असतात, धक्क्यावर विचारून घ्या. हिंगोलीत दोघांच्या नाश्त्याला लागतात त्याहून कमी, इतकं सांगते. डिझेल जाऊन-येऊन चौदा हजारांच्या आसपास, टोल दोन हजारांच्या आत. नदी ओलांडायला इतका थोडा वेळ लागला की मला हातातली बशी संपवताही आली नाही.

सेलीनबायच्या मावसभावाच्या अंगणात आम्ही दोन रात्री राहिलो. आंब्याखाली गाडी, विहिरीजवळ, चहासकट दिवसाला तीनशे रुपये. ती विहीर गोड्या पाण्याची होती. यजमान दोनदा वाकून बघून आले. माझे सगळे शेरे मी परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवले होते.

संध्याकाळी टेकडी चढलो. त्यांचे गुडघे सावकाश, म्हणून मीही सावकाश. वर चर्चपाशी उभी राहून मी आधी पूर्वेला पाहिलं, मग उत्तरेला, मग पश्चिमेला, मग दक्षिणेला. पाणी, पाणी, पाणी, पाणी. मध्ये भातखाचरं, नारळी, कुणाच्या तरी दोरीवर वाळत घातलेले कपडे.

"मग बाई?" यजमान खालच्या पायरीवर बसून म्हणाले. "बराबर हाय का तुमची व्याख्या?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

परतीला टाकी हलकी, गाडी बोटीवर अलगद चढली. सेलीनबायने पैसे तेव्हाही घेतले नाहीत. वर तुमचं पाणी उकळून पाहिलं, चहाला चांगलं आहे, असा दाखला दिला. पणजीच्या वाटेवर मिठागरांजवळ जाड्या मिठाची गोणी घेतली, रामधनभाऊंसाठी. परत आल्यावर ते मीठ भाऊंनी तळहातावर घेतलं, जिभेला लावलं आणि अर्धी गोणी तांड्यात वाटायला घेऊन गेले.

गोरेगावात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. मागचं घासतं म्हटल्यावर त्याने टेप लावून पाहिलं. "टाकी बारकी करू का, काका? दोनशेची बसवतो."

"काहून? तेवढीच राहू दे," यजमान म्हणाले. "फक्त मागून काढून मधी घे."

"एवढं पाणी तुमी दोघं करता काय?"

"लागतंय कुणाला तरी."

वेल्डरने माझ्याकडे पाहिलं, मी नाही म्हणेन म्हणून. मी आत गेले आणि कळमनुरीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. गाडी विकायची नाही, असं त्याला सांगितलं.