जिन्यातली खोकी

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधला गृहस्थ आग विझवायचे क्लास मोबाईलवरून घेतो. आधी एकटाच बडबडायचा, आता गडमुडशिंगीपासून आजऱ्यापर्यंत पोरं त्याच्याकडे शिकतात. त्याला सगळंच 'सिंपल' असतं. त्याची ही क्लासची कंपनी वाढली तशी पोरांना पाठवायच्या हेल्मेटची खोकी जिन्यात आली. भिंतीपलीकडून हा रोज पोरांना ओरडून शिकवतो, "आग लागली तर लिफ्ट वापरायची न्हाय! जिना मोकळा ठेवा!"

या मजल्यावर आम्ही सगळे म्हातारे. मी विचारलं, "आग लागली तर आम्ही उतरायचं कुठनं रं?"

"सिंपल हाय की आज्जी. लिफ्ट हाय!"

माझं डोकंच फिरलं. सगळी खोकी ओढून त्याच्या दारात छातीएवढी रचली. दार उघडून तो पलीकडून ओरडला, "आज्जी, मी बाहेर कसा येऊ?"

"सिंपल हाय की. लिफ्ट हाय."