हरणांसाटनं पेरलेलं गवत

माळावर माणसानं चार वर्सं काडली की किस्से आपसूक उगवत्यात, पेरावं लागत न्हाईत. आमी पेरलं ते गवत. तेबी गुरांसाटनं न्हाय, हरणांसाटनं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर होटगीच्या अलीकडं सरकारी माळावर काम निगालं. पवन्या गवत पेरायचं, अन् इहिरीच्या पाण्यावर लसूणघास. मुकादम मी.

*

शेजारच्या रानातल्या बसाप्पामामांनी पैल्याच दिशी दम दिला. "ही हरणं माझी ज्वारी खात्यात. औंदा खाल्ली तर बंदूकवाला आणून सगळी पाडतो."

माझं डोस्कं फिरलं. म्हनलं, "मामा, माझ्या गवतात हरणं आली न्हाईत, तर बंदूकवाल्याला वाट मी दावतो."

बोलून बसलो. आता गवत यायलाच पायजे हुतं.

*

सासुरवाडी मैंदर्गी. तितं मेव्हण्यानं इचारलं, "दाजी, औंदा काय पेरलं?"

"गवत."

जेवता जेवता ठसका लागला त्याला. कानडीत गवताला हुल्लू म्हनत्यात. तवापास्नं तितं मी हुल्लूगौडा, म्हंजी गवताचा पाटील. म्हनू द्या. गवत पेरनारा जावई त्या गावाला दुसरा हाय का?

*

गवत ईतभर झालं. मदी तण माजलं म्हनून बायका भांगलाया लावल्या, अन् इहिरीवरच्या इंजनाचं डिझेल आणाया मी होटगीला गेलो. परत येऊन बगतो तर पवन्या उपटून बांदावर, अन् वाफ्यात तांदुळजा डुलतोय!

मी लई बोललो. त्या बायकांतली शेवंताकाकू खुरपं टेकून उठली. मग म्हनली, "गवतच उपटलंय की. जल्मभर त्येचीच मजुरी घेतली. अन् तांदुळजा उपटतंय व्हय कुनी? भाजी हाय ती."

रागानं दुपारी जेवलो न्हाय. सांजच्याला घरी ताटात तांदुळजाच.

*

पुन्यांदा पेरलं. असं दाट आलं की बांदावरनं जाणारा थांबून बगायचा. हरणांसाटनं मदनं वाटा सोडल्या. पर हरणं लांब टेकाडावर हुबी, खाली येईनात. तिकडं ज्वारी पोटरीला आलेली. बसाप्पामामा बांदावरनं रोज इचारायचे, "पावनं आलं का रं?"

मी वाटंवर हुबा ऱ्हाऊन हरणांना शिव्या घालायचो. बायको भाकरी घिऊन आली, तिनं ऐकलं. म्हनली, "गवताला न्हाय, तुमच्या तोंडाला भेत्यात ती."

तोंडाला टावेल बांदून इंजनाच्या खोपीत बसलो. लई जड गेलं. पर आली की! म्होरं काळवीट, मागं कळप, अन् मी सोडलेल्या वाटंनंच. खाली मान घालून खात हुती. जिंदगीत पैल्यांदा मी आरडलो न्हाय.

*

ज्वारी हुरड्यात आली तवा बसाप्पामामा तरातरा आले. तोंड लाल.

"का रं, माझ्या रानात एक हरीण फिरकंना झालंय."

"मग ब्येस झालं की, मामा."

"काय ब्येस? माझी ज्वारी कडू हाय व्हय?"

काखेतली कवळी कणसं त्यांनी माझ्या हातात कोंबली.

"ठिव त्या वाटंवर. अन् खात्यात का न्हाय, मला येऊन सांग."