चुना हाय का?

माझ्या आत्याच्या यजमानांनी जन्मभरात जितक्यांना चुना दिला, तितक्यांना चुना लावणं एखाद्या पुढाऱ्यालाही जमलं नसेल. आम्ही त्यांना मामा म्हणतो. गंमत अशी, की मामा स्वतः तंबाखू खात नाहीत. डॉक्टरांनी दटावल्यावर त्यांनी ती सोडली, पण चुन्याची डबी काही सदऱ्याच्या खिशातून हलली नाही. वडवणीच्या स्टँडवर टेकले, की पाच मिनिटांत कुणीतरी हात पुढं करणार, "पाव्हणं, चुना हाय का?" तंबाखू मळेपर्यंत त्या माणसाचं गाव, सोयरीक, सुनेचा स्वभाव, सगळं मामांच्या खिशात जमा! कुणाचा पाय मुरगळला तर हळद-चुना, गांधीलमाशी चावली तर चुना. हलवायाचा कोहळ्याचा पेठा नरम निघाला, तरी मामा त्याला चुन्याच्या निवळीवर व्याख्यान देणार. "कारखान्यात उसाच्या रसाची मळी चुन्यानंच खाली बसती," ते म्हणायचे, "माणसाची बी बसती."

हे आम्ही हसण्यावारी नेत असू. पण ताईच्या लग्नात आमची हसण्याची सोय राहिली नव्हती. बांधावरच्या बाभळीवरून वडील आणि काका कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काका लग्नाला आले, पण मांडवाबाहेर लिंबाखाली बसून राहिले. वडील बोलावायला तयार नाहीत, काका बोलावल्याशिवाय उठायला तयार नाहीत. आणि ताईनं तर आत ठणकावलं, "काका मांडवात आल्याबिगर मी अंतरपाटामागं उभी ऱ्हाणार न्हाई!" नवरदेव पारावरून निघालेला. मी नुसता आत-बाहेर पळत होतो.

वडिलांनी सवयीनं तळहातावर तंबाखू घेतली आणि मामांपुढं हात केला.

"संपला," मामा म्हणाले.

मामांचा चुना संपला! अहो, विहिरीनं पाणी संपलं म्हणावं तसंच झालं हे. "त्या लिंबाखाली बसलेल्या पाव्हण्याला इचारा की," मामा मांडवाच्या छताकडं बघत बोलले. आमच्याकडं चुना मागायला लाज नसते, आणि वैऱ्यालाही तो नाही म्हणत नाहीत. वडील तंबाखू मुठीत धरून दोनदा घुटमळले. शेवटी गेले.

"चुना हाय का?"

"हाय की, दादा."

वडिलांनी बोटावरचा चुना निरखला. "एवढाच? ल्हानपणापासून चिकटच हायस तू."

काका हसले, मग दोघांचेही डोळे भरले. हातात हात घालून दोघं मांडवात आले आणि मी सुटलो बुवा म्हणून खुर्चीतच बसलो. अक्षता पडल्या तेव्हा ताईपेक्षा मीच जास्त रडलो.

जेवणावळी उठल्या तेव्हा मामा दिसले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एकटेच. चुना संपल्याची बातमी मांडवभर झालेली, त्यामुळं तंबाखूवाले सगळे काकांभोवती. मामांकडं दिवसभर कुणी फिरकलं नव्हतं. एक हात मात्र खिशावर होता, आणि खिसा चांगला फुगलेला.

मी शेजारी जाऊन हात पुढं केला. "मामा, चुना द्या की."

"तुला कावून पाहिजे रं? तू तर तंबाखू खात न्हाईस."

"न्हाई खात."

मामांनी शेजारची खुर्ची उपरण्यानं पुसली.

"बस," म्हणाले. "बस जरा."