गाडीला बांधलेली खसाची ताटी

माझे पती माघात गेले. चैत्रात त्यांच्या थोरल्या भावांनी, म्हणजे माझ्या भासऱ्यांनी, गाडीचा विषय काढला. ते हुडकेश्वरला राहत, शेती पाहत आणि दर रविवारी आमच्याकडे येत. लकडगंजमधल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याला आमची गाडी हवी होती.

"तुले लायसन आहे, मान्य," ते म्हणाले. "पण गाडी काय नुसती चालवाची असते? तिच्या मागं पाहा लागते."

"पाहीन मी."

"पाह्य मंग. उन्हाळा काढून दाखव. रस्त्यात बंद पडली, का मी गिऱ्हाईक घेऊन आलोच."

माझी शाळा अमरावती रस्त्यावर, वाडी गावाच्याही पुढे होती. तिकडे वेळेवर पोचवणारी बस नव्हती. गाडी गेली असती तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेल्यावर मला हुडकेश्वरला त्यांच्या घरी राहायला जावे लागले असते. हे कोणी बोलून दाखवले नव्हते, पण आम्हा दोघांनाही ते ठाऊक होते.

पती रोज सकाळी दहा मिनिटे बॉनेट उघडून उभे राहत. त्यांना थोडा वेळ एकटे राहायला आवडते, अशी माझी समजूत होती. तिथे ते काय करतात, हे मी कधी विचारले नाही. त्यांनी कुठे काही लिहूनही ठेवले नव्हते. गाडीसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका मी दोनदा वाचली. तीत पाणी पाहावे, तेल पाहावे, पट्टा पाहावा असे होते. पाहायचे म्हणजे नेमके काय, ते मला त्यातून उलगडले नाही.

वैशाखात एका दुपारी शाळेतून परतताना इंजिन उकळले. मी सावलीला थांबले, ते निवल्यावर पाणी ओतले आणि घरी आले. रात्री विचार केला. उन्हाळ्यात आमच्या खिडकीला खसाची, म्हणजे वाळ्याच्या मुळांची, ताटी असे. तिच्यावर पाणी मारले की खोली गार होई. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेते, हे मी मुलांना शिकवतही होते. दुसऱ्या दिवशी जुन्या ताटीचा एक तुकडा कापला, भिजवला आणि सुतळीने गाडीच्या पुढच्या जाळीवर घट्ट बांधला.

त्या दिवशी गाडी वाडीपर्यंत तरी पोचते की नाही, असे झाले. कशीबशी पोचली आणि गोदामांसमोर वाफा सोडत उभी राहिली. तिथे कडुलिंबाखाली ट्रक दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. तो हात पुसत आला आणि ताटीकडे बराच वेळ पाहत राहिला.

"बाई, गाडीले कूलर लावला का जी?"

मी बाष्पीभवनाचे कारण सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

"तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही तिचं नाकच बांधून टाकलं नं. वारा कुठून घेईल ते?"

शाळेला उशीर होत होता, म्हणून मी न थांबता रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात त्याने माझे मनगट धरले आणि लगेच सोडले.

"गरम असताना नाही खोलाचं. तोंड भाजते. बसा तिकडं, चहा घ्या."

इंजिन निवल्यावर त्याने पंख्याचा पट्टा दाखवला. तो सैल झाला होता. त्याने तो ताणून बसवला आणि माझा अंगठा त्यावर ठेवायला लावला.

"दाबा. बोटभर दबला का बस. जास्त दबला त ढिला. आणि हे पाणी विहिरीचं घालता काय?"

"हो."

"तरीच. आतून पांढरा खार धरला पाहा. नळाचं घाला. तेल सकाळी पाहाचं, गाडी चालू कराच्या आधी. तेलातली पट्टी काढाची, पुसून घ्याची, बुडवाची, मंग पाहाची. पहिल्यांदा निंघते ते खरं नसते."

दहा मिनिटांची कामे होती. पती सकाळी काय करत असत, ते मला त्या झाडाखाली समजले.

गाडी बंद पडल्याची बातमी हुडकेश्वरला पोचायला वेळ लागला नाही. पुढच्याच रविवारी भासरे व्यापाऱ्याला घेऊन आले. व्यापाऱ्याने बॉनेट उघडले, तेलाची पट्टी काढली, पुसून पुन्हा बुडवली, पट्ट्यावर अंगठा दाबला.

"कोण पाहते हिच्याकडं?"

मी म्हटले, "मी पाहते."

"पण वाडीले बंद पडली होती म्हणे?"

"पडली होती. माझी चूक होती." मग काय झाले ते मी सांगितले. व्यापारी ताटीच्या गोष्टीला हसला, भासरे हसले नाहीत.

"अशी ठेवलेली गाडी काहून विकून राहिले भाऊ?" व्यापारी म्हणाला. "मी घेतो, पण मले नवल वाटून राहिलं."

भासऱ्यांनी उपरणे झटकले. "मले काय इचारता? तिले इचारा."

मी गाडी विकायला नकार दिला. व्यापारी चहा घेऊन गेला. भासरे ओसरीवर बसून राहिले. जेवण झाल्यावर ते उठले आणि नेहमीसारखी बसची वेळ न विचारता गाडीचे दार उघडून चालवणाऱ्याशेजारच्या सीटवर बसले. मी गाडी हुडकेश्वरला नेली, आणि वाटभर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते समोर पाहत होते. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता.