एका क्रियापदाचा तास

हैदराबादेतील जामबागेच्या शाळेची मराठी शाखा विद्यार्थ्यांअभावी बंद झाली, तेव्हा कुसुमताईंचे उभे आयुष्य तेथे इंग्रजीच्या अध्यापनात गेले होते. आर्थिक उदारीकरणाची ती आरंभीची वर्षे. मलकपेठेत इंग्रजी संभाषणाचे वर्ग निघत होते; त्यांतील एकाचा तरुण संचालक पराग याने ताईंना चाचणीचा एक तास दिला. वर्गाविना दिवस कसा कंठावा हे ताईंना ठाऊक नव्हते. त्या तासावर त्यांचे पुढील शिकवणे अवलंबून होते.

परागने आधीच बजावले, "ताई, तासाला 'गेट अप', 'गिव्ह अप' अशी वीस जोडक्रियापदं उरकायची असतात. मुलांना इंटरव्ह्यू द्यायचेत."

ताईंनी फळ्यावर एकच लिहिले : टेक ऑफ.

त्यांचे वडील व्याकरणशास्त्री. एकाच धातूला निरनिराळे उपसर्ग लागून प्रहार, आहार, विहार कसे सिद्ध होतात, हे ते घोकून घेत नसत. प्रत्येकाकडून स्वतःच्या घरातले एक वाक्य मागत. खोलीतल्या कोणाचीही त्यातून सुटका नसे, आलेल्या पाहुण्याचीसुद्धा. तीच रीत कन्येने इंग्रजीला लावली.

शिल्पाने आपल्या वाक्यात देवघराबाहेर चपला काढल्या. शिवराजने बेगमपेठच्या विमानतळावरून विमान उडवले. मनीषाने भावाच्या लग्नासाठी रजा घेतली, मग विचारले, "आमचे मामा तहसीलदाराची नक्कल करतात, तेही हेच का?"

"तेही हेच. पण मामांना तहसीलदारासमोर करू देऊ नकोस."

मागे उभा असलेला पराग घड्याळाकडे बोट दाखवीत होता.

"पराग, तुमचं वाक्य राहिलं."

"मला नक्को, ताई. मी संचालक आहे."

"खोलीत आहात ना?"

मुले हसली. परागने घड्याळाकडचे बोट खाली घेतले. "अफझलगंजला वडिलांचं कापडाचं दुकान होतं," तो म्हणाला. "ते टेक ऑफ झालंच नाही. शेवटी वरची पाटी मी उतरवली. तेही टेक ऑफच."



"दोन्ही बरोबर," ताई म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.

तास संपला तेव्हा फळ्यावर तेवढे एकच क्रियापद होते. पराग जिन्यात थांबला होता. "उद्यापासून या, ताई. वीस नाही झाली तरी चालेल. फक्त मला परत बोलायला लावू नका."

"मग खोलीबाहेर थांबत जा."

ताई तेथे पुढे अनेक वर्षे शिकवीत राहिल्या. त्यांचा तास पराग नेमाने ऐके, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून.