कतल्याची शेपटी आणि मधुकर जोशी

“काहून जी बाई, आमच्या मासोळीत चरबीच नाही म्हणून राहिले तुमचे लोकं?”

सरूबाई माझ्या टेबलासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सावनेरकडच्या तलावावर मासे धरणाऱ्यांच्या सोसायटीच्या त्या अध्यक्ष. आमच्या क्लार्कने रिपोर्ट जायच्या आधीच बाहेर बोलून टाकलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका सरकारी लॅबमध्ये मी केमिस्ट होते. खाण्याच्या पदार्थात प्रोटीन किती, फॅट किती, हे आम्ही तपासायचो. एका हॉस्पिटलला अशक्त पेशंटसाठी मासे हवे होते. प्रोटीनबरोबर थोडं फॅटही पोटात जावं, असं डॉक्टरांचं म्हणणं. सोसायटीचा तलावातला कतला मासा पास झाला, तर रोजची ऑर्डर त्यांची. नाहीतर मुंबईहून बर्फात येणारा समुद्राचा मासा. मग सरूबाईंच्या बायकांना पुन्हा भर उन्हात पाट्या घेऊन बाजारात बसणं आलं.

प्रोटीन उत्तम होतं. फॅट मात्र नावापुरतं. मला ते पटेना. आमच्या घरी कतला शिजला की रश्श्यावर तवंग यायचा, आणि आई तर तेलाला हात आखडता घेणारी.

मी साहेबांकडे गेले.

“टेस्ट परत करते, सर.”

“उद्या दुपारी हॉस्पिटलची मीटिंग आहे. मशीन बिघडलं का?”

“मशीन ठीक आहे. नमुना बघते.”

फ्रीज उघडला. सगळे कतले तोंडापासून कमरेपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळलेले. कापलेली फक्त शेपटीकडची बाजू.

“मधुकर, हे काय?”

मधुकर जोशी नवाच लागला होता. एम.एस्सी., फर्स्ट क्लास. तो लाजून म्हणाला, “मॅडम, आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. तो माझ्याकडे बघून राहिला होता. मी त्याचं तोंड झाकलं अन् लांबून हात पुरला तिथलं कापलं.”

माझ्या मागोमाग आलेल्या सरूबाई म्हणाल्या, “भाऊ, मेलेला हाये गा तो. काही करत नाही तुले.”

मी हसून हसून स्टुलावर बसले. कतल्याची चरबी मुख्यतः पोटाकडे असते. शेपटीकडे नुसतं मांस. म्हणून खवले-काटे काढून मानेपासून शेपटीपर्यंतचं सगळं मांस एकत्र वाटायचं आणि त्यातून नमुना घ्यायचा. माल सरूबाईंचा, त्यांना हात लावू देता येईना. मी कापत होते, त्या बसल्या जागेवरून माझ्या सुरीला नावं ठेवत होत्या.

रात्रभर मांस ओव्हनमध्ये वाळलं. सकाळी भुकटी सॉक्सलेटमध्ये घातली. या काचेच्या उपकरणात भुकटीवर ईथर थेंबथेंब पडतं आणि फॅट विरघळवून खाली नेतं. ईथर उडवलं की भांड्यात उरतं ते फॅट. दुपारी भांड्याच्या तळाशी पिवळंधमक तेल चमकत होतं. मधुकरने ते तोललं आणि चक्क उडी मारली. मलाही इतका आनंद झाला, जणू ऑर्डर मलाच मिळणार होती.

साहेबांनी नाकाला रुमाल लावून सही केली. ऑर्डर सोसायटीला मिळाली. दुसऱ्याच दिवशी सरूबाई रश्श्याचा डबा घेऊन हजर. लॅबने तो चाटूनपुसून संपवला. मधुकरने फक्त भात खाल्ला, पण आमच्याच टेबलावर बसून.

तेव्हापासून लॅबमध्ये मासळी आली की मी आधी विचारायचे, “घरी मासे कोण खातं?” डिग्री नंतर बघायचे.