करडईच्या तेलात दहा वर्षं

पान्याला तीन फुटी पाइप लावून मी अक्षरशः लोंबकळलो, तरी इंजिन तसूभर हललं नाही. आबा शेडच्या दारात उभे होते. म्हणाले, "मिस्तरी, सोडा नाद. दसऱ्यापोतर चालली तर ठेवतो, न्हाई तर भंगारवाल्याला देऊन टाकतो. रोज तिच्याकडं पाहून जीव जाऊन राह्यला माझा."

गाडी त्यांच्या मुलाची, दिलीपची. आठ सिलेंडरची अमेरिकन, दोन दारांची, ताकदीला ट्रकच्या तोडीस तोड. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला त्यानं ती हैदराबादेतून ट्रकात घालून अंकुशनगरजवळच्या आपल्या गावी आणली. बंदच होती. उसाच्या बैलगाड्यांच्या वाटेवर हे काय जहाज आणलं म्हणून गाव हसलं. दिलीप म्हणायचा, "हसू द्या. आईला यात बसवून अंबडच्या देवीला नेणार म्हणजे नेणार!"

माझं गॅरेज नवीन जालन्यात. दर रविवारी मी त्याच्याकडे जायचो, आणि आम्ही दोघं ती खोलून बसायचो. पार्ट मिळायचा नाही. मिळाला तर बसायचा नाही. अशी चार वर्षं गेली, आणि कावीळ होऊन दिलीप आठ दिवसांत गेला. तिशीसुद्धा गाठली नव्हती पोरानं.

तेराव्यानंतर मी गाडी झाकायला गेलो. स्पार्क प्लग म्हणजे सिलेंडरमध्ये ठिणगी पाडणारा पार्ट. ते आठही काढले आणि भोकांना लाकडी बुचं मारली. बंद गाडीच्या सिलेंडरला आतून गंज चढतो आणि आत वरखाली होणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, जाम होतो. म्हणून दिलीपच्या आईला, सुभद्रामावशींना सांगितलं, "वर्षातून एकदा बुचं काढून प्रत्येक भोकात थोडं तेल सोडत जा." एवढं बोलून निघालो. त्यानंतर दहा वर्षं त्या गावाला गेलो नाही. कामं होती असं मी सांगायचो. खरं म्हणजे ते शेड बघवत नव्हतं.

आता भंगाराची गोष्ट निघाली तेव्हा मावशींनीच निरोप धाडला, एकदा येऊन बघा म्हणून. दसऱ्याला महिना होता. मी गेलो, इंजिन जाम. मग हेड खोललं. हेड म्हणजे सिलेंडरवरचं झाकण. आत गंजाऐवजी पिवळट तपकिरी, लाखेसारखा कडक थर. नखानं खरवडून वास घेतला. खवट.

"मावशी, तेल कोणतं टाकलं?"

"आपलं घरचं, करडीचं. घाण्यावरचं. दर दसऱ्याला गाडीला हळदकुंकू वाहिलं का टाकायची. ते दुकानातलं काळं तेल पूजेला कसं चालंल?"

मी कपाळाला हात लावला. करडईचं तेल उघडं राहिलं की घट्ट होतं आणि शेवटी वार्निशसारखं वाळतं. जुने लोक त्याचंच रोगण करायचे. मावशींनी दहा वर्षं भक्तिभावानं पिस्टन चिकटवले होते.

"माझ्यानं बिघडली का गाडी?"

"नाही हो, मावशी."

"खोटं नका बोलू. तुमच्या तोंडावर दिसून राह्यलं."

त्या खाली बसल्या. पोराची एक वस्तू सांभाळायला होती, तीही आपल्या हातानं गेली, हेच त्यांच्या मनात. चूक माझी होती. तेल म्हणालो, कोणतं ते म्हणालो नाही. ज्या घरात तेल म्हणजे करडईचं, तिथं त्यांनी दुसरं काय टाकायचं?

सिलेंडर थिनरनं भरून ठेवले. चार दिवसांनी लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारला, आणि एकेक पिस्टन सुटायला लागला. थर पुसला तर खालचं लोखंड आरशासारखं! वाळलेल्या तेलानं गंजाला आत येऊच दिलं नव्हतं. असे सहा सिलेंडर. मागचे दोन मात्र गंजून खड्डे पडलेले.

"या दोघांत तेल नव्हतं टाकलं?"

"मागं पत्र्याची अडचण हाये. माझा हात पुरत नव्हता."

मी त्यांचं बोट धरून आधी पुढच्या सिलेंडरवर फिरवलं, मग मागच्या. "बघा मावशी, तुमचं तेल लागलं तिथं वाचलं. न्हाई लागलं तिथं गेलं."

वाटलं, बाईचं मन हलकं होईल. त्या म्हणाल्या, "मंग मागपोतर हात का न्हाई पोचवला म्या?"

मी कामाला लागलो.

दोन सिलेंडरना औरंगाबादेत लायनर, म्हणजे आतून नवी नळी बसवून आणली. पिस्टनवरच्या रिंगा ट्रकच्या, घासून मापात आणल्या. दसऱ्याच्या दोन दिवस आधी गाडी चालू झाली. पहिला धूर निघाला त्याला भजी तळल्याचा वास. शेडची दोन्ही दारं आबांनी बिजागरीतून काढून भिंतीला टेकवली, गाडीला जागा व्हावी म्हणून.

दसऱ्याला मावशी पुढं, आबा मागं. अंबडला देवीच्या टेकडीखाली मी किल्लीला हात घातला.

"बंद नका करू," मावशी म्हणाल्या. "थोडी चालू राहू द्या."

इंजिन जड आवाजात चालू राहिलं. त्या समोरच्या पत्र्यावर हात ठेवून ऐकत होत्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दहा वर्षं का न्हाई आलात?"

"धीर होत नव्हता, मावशी."

"एकदा आला असता तर म्या इचारलं असतं, तेल कोन्तं टाकू."

त्या उतरल्या आणि आबांच्या हाताला धरून पायऱ्या चढायला लागल्या.

तेव्हापासून कुणाची गाडी बंद करून ठेवायची असली की तेलाचं नाव पुठ्ठ्यावर लिहून स्टीअरिंगला बांधतो. आणि वर्षातून एकदा स्वतः जाऊन येतो, त्या घरात काहीही झालेलं असलं तरी.